ठोकलेल्या गाडीचं एस्टिमेट आणि गॅरेजचा गल्ला

गाडी टो होऊन दारात उभी राहिली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ताई, किती खर्च येईल?” त्याला उभ्याउभ्या आकडा द्यायचा नाही, हा आमच्या गॅरेजचा पहिला नियम. माणूस हादरलेला असतो. त्याला धीर द्यायला म्हणून तुम्ही “होईल वीस-पंचवीसात” म्हणता, आणि त्यातला वीसच तेवढा त्याच्या डोक्यात बसतो. नंतर बंपर काढल्यावर आत रेडिएटरचा सपोर्ट दुमडलेला निघाला, की तुम्ही लुटारू ठरता.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. पत्र्याचं काम बाबा बघतात आणि टेबल मी सांभाळते. टेबल म्हणजे एस्टिमेट, सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासायला येणारा माणूस), पार्ट मागवणं, बिल आणि वसुली. मला हातोडा-डॉली चालवता येत नाही, पण कुठल्या गाडीत चार पैसे सुटले आणि कुठली गाडी अंगावर आली, हे वह्यांमधून मला बाबांच्या आधी कळतं. कोणी नवं गॅरेज टाकत असेल किंवा चालत्या गॅरेजचं टेबल हातात घेत असेल, त्याच्यासाठी ही पद्धत लिहितेय. डोळ्यांसमोर कार आहे. ट्रक-बसचं बॉडीकाम हा वेगळाच धंदा आहे, त्यात मी पडत नाही.

आधी कार्ड, मग गाडीला हात

गाडी आत घेण्याआधी जॉब कार्ड भरायचं. नंबर, किलोमीटर, पेट्रोलचा काटा, स्टेपनी, जॅक, पान्ह्यांची पिशवी, म्युझिक सिस्टीम, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं लिहायचं. हसू नका, गणपतीवरून भांडणं होतात. मग फोटो: चारही कोपऱ्यांतून पूर्ण गाडी, किलोमीटरचा आकडा, चासी नंबर, आणि ठोकलेल्या भागाचे आधी लांबून, मग जवळून. ठोकलेली नाही ती बाजूही घ्या. तिच्यावरचे जुने ओरखडे आज फोटोत आले नाहीत, तर डिलिव्हरीच्या दिवशी ते तुमच्या नावावर जमा होतात.

गाडी तुमच्या ताब्यात आली की तिची राखण ही कायद्यानेही तुमची जबाबदारी होते. भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम १५१ सांगतं, की दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायला हवी. म्हणून चावी भिंतीवरच्या खिळ्याला लटकवायची नाही, पोरांनी चहा आणायला गिऱ्हाइकाची गाडी काढायची नाही, आणि ट्रायल कोण घेणार त्याचं नाव कार्डावर असलं पाहिजे. गॅरेजवाल्यांसाठी मोटर ट्रेड पॉलिसी (ताब्यातल्या गाड्यांचा विमा) मिळते. आपल्या एजंटाला तिच्याबद्दल विचारा. बहुतेक छोट्या गॅरेजांना ती असते हेच माहीत नसतं.

धक्का कुठून शिरला, कुठवर गेला

नवखा माणूस एस्टिमेट करताना फुटलेल्या वस्तू मोजतो: बंपर गेला, लाइट गेली, फेंडर गेला. तसं करू नका. आधी विचारा, धक्का कशाचा बसला आणि कुठल्या दिशेने आला. डिव्हायडरला घासून गेलेली गाडी आणि ट्रॉलीच्या मागच्या अँगलखाली शिरलेली गाडी, दोन्हींचा बंपर सारखाच फुटलेला दिसतो. दुसरीत मार वरच्या अंगाला असतो. बंपर जेमतेम तुटतो, पण बॉनेट, रेडिएटरच्या वरची पट्टी, कंडेन्सर आणि फॅनची जाळी गेलेली असते. आमच्याकडे उसाच्या हंगामात अशा गाड्या नेमाने येतात. रात्रीच्या ट्रॉलीला मागे धड दिवा नसतो.

हल्लीच्या बहुतेक कार मोनोकॉक असतात. वेगळी चासी नसते, पत्र्याचा सगळा सांगाडाच भार घेतो. पुढचा भाग मुद्दाम चुरगळायला केलेला असतो, म्हणजे धक्का तिथेच जिरतो. जो जिरत नाही, तो सांगाड्यातून मागे सरकतो. म्हणून पुढे डावीकडे मार असला तरी मी आधी मागच्या दारांपाशी जाते. दार उघड-बंद करून बघायचं: लॉक जड लागतं का, दार खाली बसलंय का, दार आणि खांबामधली फट वर-खाली सारखी आहे का. छतावर, खांबाच्या वरच्या टोकाला उजेडात तिरपं बघायचं. तिथे पत्र्याला बारीकशी लाट दिसली तर धक्का सगळ्या गाडीतून फिरलाय, हे नक्की. मग बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन (इंजिनाशेजारचे आतले पत्रे) बघायचे. जोडावरचं सीलंट तडकलंय का, स्पॉट वेल्डजवळ रंगाचे पापुद्रे सुटलेत का. कंपनीचा रंग उगाच सुटत नाही, खालचा पत्रा हलला की सुटतो.

चाकांकडेही बघा. चाक आणि फेंडरची कड यांतलं अंतर डावी-उजवीकडे हाताच्या बोटांनी मोजलं तरी फरक कळतो. चाक मागे सरकलं असेल तर लोअर आर्म, नकल, शॉकॲब्सॉर्बर अशा चाक धरणाऱ्या भागांची नावं एस्टिमेटमध्ये यायलाच हवीत. निदान “उघडून तपासणे” म्हणून तरी. शंका आली की बाबा ट्रॅम गेज लावून तिरपी मापं घेतात, डावा पुढचा बोल्ट ते उजवा मागचा, आणि उलट. दोन मापांत फरक आला तर ती गाडी ओढायला बेंचवरच (गाडी पकडून सांगाडा सरळ करायच्या चौकटीवर) चढवावी लागते, आणि तुमच्याकडे बेंच नसेल तर ती ज्याच्याकडे आहे त्याला द्यावी. साखळी झाडाला बांधून गाडी ओढणारे अजून आहेत. अशा गाडीचं अलाइनमेंट पुढे कधीच बसत नाही. टायर एका कडेने खात राहतात आणि मालक वर्षभर टायरच्या कंपनीला शिव्या देतो.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांना खाली वेगळी शिडीची चासी असते. तिथे बॉडी ठीक दिसली तरी चासीचं पुढचं टोक वाकलेलं असू शकतं, त्यामुळे ती लिफ्टवर घेऊन खालून बघितल्याशिवाय एस्टिमेटचा कागद करू नका.

जुना मार आणि नवा मार वेगळा ओळखता आला पाहिजे. ताज्या ओरखड्यात पत्रा चमकतो. जुन्यात गंज आणि मळ असतो. समोरच्या गाडीचा रंग आपल्या गाडीला लागलेला असेल तर तो पुसू नका, सर्व्हेअरला दाखवायचाय. रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर घेऊन ठेवा. कंपनीचा रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास भरतो. एखाद्या दारावर आकडा चारशे-पाचशे आला तर तिथे आधीच पोटीन (खड्डा भरायची पुट्टी) बसलंय. त्या दाराचं काम नेहमीच्या दराने धरलंत तर फसाल, कारण मारल्याबरोबर जुनं पोटीन ढेकळासारखं सुटणार आणि खालचा पत्रा काय निघेल ते देव जाणे.

बदलायचं की ठोकायचं

यावर बाबांचं आणि माझं नेहमी वाजतं. त्यांच्या पिढीला पार्ट बदलणं कमीपणाचं वाटतं. “पत्रा हाय, येतोय की बाहेर!” खरंय, येतो. पण त्यावर मिस्त्रीचे दोन दिवस गेले आणि नवा फेंडर बाजारात चार हजाराला असला, तर हिशेब कुठे बसतो? आमचा ठरलेला ठोकताळा असा: बोल्टवर बसणारा भाग (फेंडर, बॉनेट, दार, डिकी) दुरुस्त करायची मजुरी नव्या पार्टच्या निम्म्यावर गेली की बदलायचा. वेल्डिंगने बसलेला भाग, म्हणजे मागचा क्वार्टर पॅनेल, रनिंग बोर्ड (दारांखालचा पत्रा), छत, हा शक्यतो ठोकूनच काढायचा. तो कापून नवा जोडला की कंपनीचे जोड, सीलंट आणि गंजाचं संरक्षण सगळं उचकटतं.

काही ठिकाणी मात्र घासाघीस नाही. दाराच्या आत आडवा बार असतो, तो वाकला तर दार बदलायचं. बॉनेटची आतली फ्रेम दुमडली, विशेषतः लॉकपाशी, तर बॉनेट बदलायचं. असं बॉनेट चालत्या गाडीत उघडलं तर काचेवर येतं. बी-पिलरला, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाला, गॅस लावायचाच नाही. तिथे जास्त ताकदीचं पोलाद असतं, लाल होईपर्यंत तापवलं की त्याची ताकद जाते. दिसायला खांब सरळ होतो, पण पुढच्या अपघातात तो आतल्या माणसाला वाचवत नाही. जुने मिस्त्री अजून सवयीने गॅसची तोटी उचलतात, त्यांना हात धरून थांबवावं लागतं. जोडकाम सीओटू वेल्डिंगने किंवा स्पॉटने करा आणि वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा.

एअरबॅग उडाली असेल तर एस्टिमेटमध्ये एकट्या एअरबॅगची किंमत घालून भागत नाही. सीटबेल्टचे टेन्शनर, स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग, एअरबॅगचा कंट्रोल युनिट, डॅशबोर्ड, कधी पुढची काच, हे सगळं सोबत येतं. एवढ्यानेच मध्यम वयाच्या गाडीचा कागद टोटल लॉसच्या (दुरुस्ती परवडत नाही, गाडी गेल्यातच जमा) दाराशी जातो. हल्ली पुढच्या जाळीमागे रडार आणि काचेवर कॅमेरा असलेल्या गाड्याही येतात. त्यांचा बंपर किंवा काच बदलल्यावर कॅलिब्रेशन (रडार-कॅमेऱ्याची नव्याने जुळणी) करावं लागतं. ते आम्ही करत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतो आणि त्याचा खर्च पहिल्या कागदातच वेगळ्या ओळीत लिहितो. इलेक्ट्रिक गाडीला मोठ्या बॅटरीचा पुरवठा माहीतगार माणसाने तोडल्याशिवाय आमच्याकडे कुणी हात लावत नाही.

पुराची गाडी आली तर वरचं सगळं बाजूला ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर आलं होतं आणि त्यानंतर उद्यमनगरात चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. अशा गाडीला सेल मारायचा नाही, मालकालाही मारू द्यायचा नाही. आतून पाण्याची रेघ कुठवर आहे तिचा फोटो घ्या. सीटच्या खाली आहे की डॅशबोर्डपर्यंत, यावरच सगळं एस्टिमेट ठरतं.

कागदात तीन भाग

आमच्या एस्टिमेटमध्ये पार्ट, मजुरी आणि रंग असे तीन भाग असतात. शेवटी एक ओळ ठळक छापलेली असते: “गाडी उघडल्यावर आत नुकसान आढळल्यास पुरवणी एस्टिमेट देण्यात येईल.” ही ओळ गिऱ्हाइकाला वाचून दाखवायची आणि तिच्याखाली सही घ्यायची.

पार्टच्या भागात मोठ्या वस्तू सगळेच लिहितात. पैसे गळतात ते बारक्या वस्तूंत: बंपरच्या क्लिपा, ब्रॅकेट, फेंडरच्या आतलं लायनर, हॉर्न, लोगो, नंबरप्लेट, कूलंट, एसीचा गॅस, काचेचं सीलंट. एका गाडीत सहज दीड-दोन हजार होतात, आणि कागदावर नसले तर कोण देणार? लाइट अख्खी दिसली तरी तिचे मागचे कान बघा. कान तुटलेली लाइट बसते, पण हलते, आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

पार्ट कुठला घालणार हेही लिहा. बाजारात तोच फेंडर चार प्रकारांत मिळतो: गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, कंपनीला माल देणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला, लोकल, आणि भंगारातून काढलेला. लोकल फेंडर बघायला तसाच असतो, बसवताना मात्र बोल्टचं भोक चार सूत इकडेतिकडे येतं आणि मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो. क्लेमच्या गाडीला पार्टचं जीएसटी बिल लागतंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बहुतेक पार्टांवर २८ होता. कॉम्प्युटरमध्ये जुना दर राहिला नाही ना, ते तपासा.

रंगाचा हिशेब

रंगाचा दर आमच्याकडे पॅनेलवर चालतो. पण सगळे पॅनेल सारखे नसतात. साधा पांढरा सगळ्यात स्वस्त. मेटॅलिकमध्ये बेसकोटवर क्लिअर (पारदर्शक थर) येतो. पर्ल व्हाइटमध्ये खाली पांढरा, मध्ये मोत्याचा थर, वर क्लिअर, म्हणजे माल आणि वेळ दोन्ही जास्त. पर्लचा एकच फेंडर रंगवला तर शेजारच्या दाराशी तो उठून दिसतो. गाडीच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, पण चार वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कोडाशी जुळत नाही. मग शेजारच्या दारावर रंग विरत न्यायचा आणि पूर्ण दारावर क्लिअर मारायचा. हे दार विमा कंपनी सहसा मंजूर करत नाही, कारण ते ठोकलेलंच नाही. ते पैसे कोण देणार, हे गाडी बूथमध्ये (रंग मारायच्या बंद खोलीत) जायच्या आधी गिऱ्हाइकाशी बोलून घ्या.

पोटीन दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेलं की समजा पत्रा नीट बाहेर आलेला नाही. तो परत डेंटरकडे पाठवायचा. पेंटर कुरकुर करतो, डेंटर त्याच्याहून जास्त, पण जाड पोटीनला वर्षभरात तडा जातो आणि गाडी परत येते. ऐंशी नंबरच्या घासकागदापासून सुरू करून पायरीपायरीने वर जायचं, चारशे-सहाशेपर्यंत. मधला नंबर गाळला की क्लिअरखाली रेघा दिसतात, त्याही दुपारच्या उन्हात, मालक गाडी घेऊन बाहेर पडल्यावर. बूथ असेल तर साठ अंशांवर अर्धा तास भाजून निघतो. बूथ नसेल तर पावसाळ्यात तारीख देताना जीभ आवरा. कोल्हापूरचा जुलै म्हणजे हवेत नुसतं पाणी. अशात घाईने मारलेला रंग दुधाळ पडतो आणि सगळा कागदाने उतरवून पुन्हा मारावा लागतो. जून ते सप्टेंबर मी पेंटर सांगेल त्यावर दोन दिवस वाढवूनच तारीख देते.

सर्व्हेअर आला

पन्नास हजार आणि त्यावरच्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. छोट्या क्लेमला कंपनीचा माणूस येतो किंवा मोबाइलवरच गाडी दाखवायला सांगतात. तो यायच्या आधी गाडी उघडायची नाही. आल्यावर त्याच्यासमोर बंपर उतरवायचा, आतला मार दाखवायचा, फोटो त्यालाच काढू द्यायचे. काही जण सर्व्हेअर कापणारच म्हणून एस्टिमेट तिपटीने फुगवतात. चार गाड्यांत सर्व्हेअरला तुमचा हात कळतो, आणि मग तुमचा खरा कागदही तो निम्म्याने कापतो. माझ्या कागदातून सहसा जे कापलं जातं ते बदली की दुरुस्ती एवढ्याच वादाचं असतं, आणि तो वाद गाडीसमोर उभं राहून घालता येतो.

गिऱ्हाइकाची एक लाडकी मागणी असते: “ताई, तो मागचा जुना डेंट पण घालून टाका की त्यात.” नाही म्हणायचं. पुढून ठोकलेल्या गाडीच्या मागच्या दाराला मार कसा लागला, हे क्लेम फॉर्मवरच्या अपघाताच्या वर्णनात बसत नाही. खोटं सापडलं तर अख्खा क्लेम अडकतो, आणि त्या गॅरेजच्या पुढच्या सगळ्या गाड्यांकडे संशयाने बघितलं जातं.

गिऱ्हाइकाचे किती, कंपनीचे किती

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, कारण “फुल इन्शुरन्स आहे” म्हणजे एक पैसाही लागणार नाही, अशी लोकांची समजूत असते. साध्या पॉलिसीत पार्टवर घसारा (जुनेपणाची कपात) कापतात. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के. फायबरवर ३०. काचेवर शून्य. पत्र्याच्या आणि इतर पार्टांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. रंगाच्या एकत्र बिलात २५ टक्के माल धरतात आणि त्या मालावर ५० टक्के कापतात, म्हणजे रंगाच्या बिलातून साडेबारा टक्के जातात. मजुरीवर घसारा नाही.

एक उदाहरण घेऊ, आकडे हिशेबाला सोपे धरलेत. साडेतीन वर्षांची छोटी कार, पुढून ठोकलेली. बंपर ६,०००, लाइट ८,०००, बॉनेट १२,०००, फेंडर ४,०००, पुढची काच ७,०००, मजुरी ६,०००, तीन पॅनेलचा रंग १२,०००. एकूण ५५,०००. आता कपात: बंपरवर ३,०००, लाइटवर ४,००० (तिला बहुतेक जण प्लास्टिकच धरतात), बॉनेटवर ३,०००, फेंडरवर १,०००, काचेवर काही नाही, रंगावर १,५००. घसारा झाला १२,५००. पंधराशे सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची कपात १,०००, मोठ्या इंजिनाला २,०००. जुन्या मालाचे (बदललेल्या पार्टांच्या भंगाराचे) समजा ५०० धरले. कंपनी देणार ४१,०००, आणि १४,००० गिऱ्हाइकाच्या खिशातून. हा कागद मी पहिल्याच दिवशी हाताने मांडून देते. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) असेल तर त्याच माणसाला दीड हजार लागतात आणि थोडे तेल-क्लिपांसारख्या खपाच्या वस्तूंचे, त्यांचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर.

आणि कधीकधी क्लेम करूच नका, असं सांगावं लागतं. बंपर आणि एक फेंडर, सात-आठ हजारांचं काम असेल तर नो क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या टक्केवारी सुटीचा) हिशेब काढा. बोनसची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० अशी आहे आणि ती फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर लागू होते, थर्ड पार्टीवर नाही. पन्नासवर असलेल्या माणसाने क्लेम केला की पुढच्या वर्षी तो शून्यावर येतो आणि पहिल्या पायरीपासून चढतो. पाच वर्षांत गमावलेल्या टक्क्यांची बेरीज ५०, ३०, २५, १५, ५, म्हणजे १२५ होते. नुकसानीचा हप्ता सहा हजार असेल तर जवळपास साडेसात हजार गेले. गाडी जुनी होत जाते तसा हप्ता उतरतो, म्हणून थोडे कमी धरा. वर घसारा आणि सक्तीची कपात आहेच. असा सल्ला दिल्याने आमचं मोठं बिल जातं, पण तो माणूस पुढे मेव्हण्याची गाडी घेऊन येतो.

उलट टोकाला टोटल लॉस. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर लिहिलेल्या आयडीव्हीच्या (गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करत नाही. तुमचं एस्टिमेट सत्तरच्या आसपास पोहोचत असेल तर एकही पार्ट मागवू नका आणि पार्किंगचा दर लेखी द्या. अशा गाड्यांचे निर्णय रेंगाळतात, आणि तेवढा काळ त्या तुमची जागा खातात.

जागा, माणसं, उधारी

आमच्या गॅरेजात सहा गाड्यांची जागा आहे. सातवी आत घेतली की सगळ्यांचीच कामं मागे पडतात, कारण एक बाहेर काढायला तीन हलवाव्या लागतात. सगळ्यात महागडी गाडी म्हणजे उघडून ठेवलेली आणि पार्टची वाट बघणारी. म्हणून मंजुरी हातात आल्यावर पार्टची यादी एकदाच आणि पूर्ण द्यायची, आणि बॉनेट-लाइटसारखे मोठे पार्ट आल्यावरच गाडी पूर्ण उघडायची. उतरवलेलं सामान गाडीच्या नंबराच्या क्रेटमध्ये, बोल्ट त्याच नंबराच्या पिशवीत. टेबलामागे पांढरा फळा आहे. त्यावर गाडी, कशासाठी थांबलीय, कोणाकडे आहे आणि कबूल केलेली तारीख एवढंच असतं. सकाळी चहाच्या वेळी मी तो मोठ्याने वाचते. कुणाला आवडत नाही.

माणसांना पगार की पॅनेलवर मजुरी, याचं एकच उत्तर नाही. पेंटर पॅनेलवर असला की हात भराभर चालतो आणि घासकामाला फाटा मिळतो. पगारावर असला की काम नीट होतं, पण हंगामात उरक नसतो. आम्ही पगार ठेवून वर पॅनेलमागे थोडं देतो, आणि परत आलेल्या कामाला वरचे पैसे नाहीत. परप्रांतातली पोरं सणाला गावी जातात, आणि दिवाळीआधी गाड्या चकाचक करायला रांग लागते ती नेमकी त्याच सुमाराला. तिकीट कधीचं आहे, हे दसऱ्यालाच विचारून ठेवा. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप ॲक्टची नुसती सूचना ऑनलाइन देऊन भागतं. वापरलेलं थिनर आणि रंगाचा गाळ गटारात ओतायचा नाही. तो धोकादायक कचरा आहे, ड्रममध्ये साठवून अधिकृत उचलणाऱ्यालाच द्यायचा.

कॅशलेस नसलेल्या गॅरेजात गिऱ्हाईक आधी पूर्ण बिल भरतं आणि कंपनीकडून नंतर परत घेतं. हे सुरुवातीलाच समजावलं नाही तर शेवटी “कंपनीचे आले की देतो” ऐकावं लागतं. स्पेअरवाला मात्र तुमच्याकडून रोख मागतो. म्हणून पार्टच्या रकमेएवढा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय ऑर्डर नाही. पैसे पूर्ण मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवता येते. त्याच १८७२ च्या कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्या वस्तूवर तुम्ही कष्ट आणि कसब खर्च केलं ती मजुरी मिळेपर्यंत ताब्यात ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे. मात्र तो त्याच कामाच्या पैशापुरता. भावाच्या जुन्या उधारीसाठी ही गाडी अडवता येत नाही, कितीही वाटलं तरी.

डिलिव्हरी दिवसाउजेडी द्या, ट्यूबलाइटखाली नको. मालकाला गाडीभोवती फिरवा, दारं त्यालाच उघडायला लावा, लाइट, वायपर, एसी चालू करून दाखवा, आणि कार्डावर सही घ्या. बदललेले पार्ट कोपऱ्यात काढून ठेवलेले असतात, तेही दाखवा. जुन्या मालाचे पैसे कंपनीने त्याच्या क्लेममधून कापले असतील तर तो माल त्याचा. नको म्हणाला तर तसं कार्डावर लिहून घ्या. आणि कंपनीचं रिइन्स्पेक्शन (फेरतपासणी) होईपर्यंत भंगारवाल्याला त्या कोपऱ्याकडे फिरकू देऊ नका. तो बंपर दाखवता आला नाही, तर बंपर बदललाच नाही असं धरून पैसे कापतात.